त्यांची 'नीड', आमची 'वॉन्ट'

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही तिघंचौघं रविवारी पोरांना इंग्रजी शिकवायला जातो. पहाटेची गाडी धरायची, डहाणू रोडला उतरायचं, पुढं एसटी नाहीतर डुगडुग आणि शेवटचा तुकडा पायी. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून मुंबई डहाणूच्या जवळ आली म्हणतात. डहाणू मुंबईच्या जवळ गेलं का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गाईडात धडा होता 'नीड' आणि 'वॉन्ट' यांतल्या फरकाचा. दोन रकाने. डावीकडे नीड : पाणी, अन्न, कपडा, निवारा, औषध. उजवीकडे वॉन्ट : सायकल, मोबाईल, आईस्क्रीम, रंगपेटी, गोष्टींची पुस्तकं. खाली रिकाम्या जागा. मी पाणी ___, मी सायकल ___. योग्य शब्द भरा.

एका पोरीनं दहाच्या दहा जागी 'वॉन्ट' भरलं. पाण्यालाही वॉन्ट, औषधालाही वॉन्ट. मी लाल पेन काढलं. मास्तरकी अंगात आली की माणूस आधी लाल पेनच काढतो.

ती म्हणाली, "सर, पाणी मला पाहिजे ना? मग चूक कसं?"

मी म्हटलं, "पाण्याची गरज असते. सायकल नुसती हवीशी वाटते. सायकलीवाचून माणूस मरत नाही."

"हायस्कूल सहा किलोमीटर आहे सर. सायकल नाही म्हणून माझ्या बहिणीनं शाळा सोडली. ती मेली नाही. पण तिची शाळा मेली." मग जरा थांबून, "हे गरजेचं कोण लिहितं?"

"गाईडवाला."

"तो आलाय का इकडं?"

मी पेन खिशात घातलं. परतीच्या गाडीत डोकं भणभणत होतं. एम.ए. झालेला, सभेत माईक धरून व्यवस्थेची सालं काढणारा मी, आणि एका पोरीनं मला गाईडवाल्याच्या बाजूला बसलेलं रंगेहाथ पकडलं होतं. हा लेख तिथून निघाला.

आधी शब्दांचा हिशोब. आपल्या मराठीत हे दोन रकाने नाहीतच. मला पाणी पाहिजे, मला सायकल पाहिजे, मला न्याय पाहिजे. एकच क्रियापद. 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे'चं कर्मणी रूप. जे पाहिलं जातं, ज्याच्याकडे डोळे लागलेत, ते पाहिजे. पोटाचं असो की मनाचं, डोळे सारखेच लागतात. 'गरज' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि त्याला कचेरीचा वास अजून आहे. गरजू, गरजवंत. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण कुणी केली असेल? गरजवंतानं नक्कीच केलेली नाही.

आणि खुद्द इंग्रजी? इंग्रजीत 'वॉन्ट'चा जुना अर्थ इच्छा नव्हे, उणीव. जे नाही ते. 'इच्छा' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. 1941 च्या जानेवारीत अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट चार स्वातंत्र्यांबद्दल बोलला, त्यात एक होतं वॉन्टपासून मुक्ती. म्हणजे चंगळीपासून नव्हे, दारिद्र्यापासून. 1942 साली विल्यम बेव्हरिजनं इंग्लंडच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा दिला, त्यात समाजाच्या पाच राक्षसांपैकी एकाचं नाव 'वॉन्ट'च होतं. तोही दारिद्र्याचाच राक्षस. म्हणजे माझी विद्यार्थिनी पाण्यापुढं 'वॉन्ट' लिहीत होती तेव्हा ती जुन्या इंग्रजीप्रमाणे बरोबर होती. झोपडीतला शब्द उचलून मॉलमध्ये नेला आणि आता झोपडीलाच सांगतात, हा तुमचा नाही, तुम्ही 'नीड' वापरा.

आता मुद्दा. या दोन शब्दांत खरा फरक काय? गाईडवाला सांगतो, एकावाचून मरण येतं, दुसऱ्यावाचून येत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नीड दुसरा माणूस मोजू शकतो. वॉन्ट ज्याचं त्यालाच सांगावं लागतं. नीडला तोंड लागत नाही, तराजू लागतो. वॉन्टला तोंड लागतं. म्हणून राज्यकर्त्याला नीड आवडते. गुरांचीही नीड मोजता येते. पेंढा किती, पाणी किती. बैलाला कुणी विचारत नाही बाबा तुला काय वाटतं.

आमचीही अशीच मोजून झालीय. 1979 साली नियोजन आयोगाच्या कार्यगटानं दारिद्र्याची रेषा उष्मांकात काढली. खेड्यातल्या माणसाला दिवसाला 2400, शहरातल्याला 2100. माणूस म्हणजे चूल, त्यात एवढी लाकडं घाला. 2011 च्या सप्टेंबरात याच आयोगानं सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, शहरात दिवसाला 32 रुपये आणि खेड्यात 26 रुपये खर्चणारा गरीब नाही. 26 रुपयांत नीड भागली, पुढचं सगळं वॉन्ट. देशभर बोंब झाली. पण बोंब आकड्यावर झाली. आकडा दुसऱ्यानं का काढायचा यावर फार थोडे बोलले.

2020 साली कोरोनात काम बुडालं तेव्हा सरकारनं आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान काढलं. कुटुंबाला 4000 रुपये. त्यातले 2000 खात्यात आणि 2000 चा किराणा. मदत झाली, नाही कोण म्हणतो. पण ती अर्धी वाटणी बघा. अर्ध्या रकमेपुरता तुमच्यावर विश्वास. उरलेल्या अर्ध्यात डाळ कुठली, तेल किती, मसाला कोणता, हे आम्ही ठरवणार. घरात पावसाळ्याआधी पत्रा हवा असेल, पोराला दाखवायला दवाखाना हवा असेल, तर ती तुमची वॉन्ट. घ्या वाटाणा.

आणि हे मी परका म्हणून बोलत नाही. मी एका वसतिगृहात वाढलो, नाव घेत नाही. दहावीत असताना मी अर्जात बूट मागितले. वर्गात बाकीच्यांच्या पायांत काळे बूट होते, माझ्या पायांत स्लीपर. तिथला साहेब अर्ज वाचून हसला. म्हणाला, "चप्पल आहे ना? मग तुला बुटांची गरज काय?" मी गप्प बसलो. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. मला एकच शब्द शिकवला होता, 'गरज', आणि त्या शब्दात माझं उत्तर मावत नव्हतं. मला बूट हवे होते. पाय भाजतात म्हणून नव्हे. वर्गात सगळ्यांसारखा दिसायला. हे सांगायची लाज वाटली. ती लाज मला कुणी दिली, हे कळायला पुढची दहा वर्षं गेली.

आता डहाणू-तलासरीचा इतिहास बघा. या मातीत नीड आणि वॉन्ट यांचा धडा कुठल्याही गाईडाच्या आधी सावकारानं शिकवलाय. त्याच्याकडे दोन फासे होते. पहिला खावटी. पावसाळ्यात वारल्याच्या घरातलं धान्य संपलं की सावकार धान्य द्यायचा आणि पीक आलं की वाढवून वसूल करायचा. ही नीडची वही. दुसरा लग्नाचं कर्ज. तरण्या पोराला लग्न करायचंय, पैसा नाही. सावकार द्यायचा. त्या बदल्यात पोरगा सावकाराचा 'लग्नगडी'. तो राबायचा, त्याची बायको राबायची, फिटता न फिटणारं कर्ज आणि जन्माची गुलामी. ही वॉन्टची वही.

नीट वाचा दोस्तांनो. भुकेपोटी माणूस हंगामाचा गुलाम झाला. पण आयुष्यभराचा गुलाम झाला तो इच्छेपोटी. एका बाईसोबत घर मांडायची इच्छा. माणसाच्या इच्छांमधली सगळ्यात साधी. सावकाराला पक्कं ठाऊक होतं, भुकेला दाणा टाकला की ती सकाळपुरती गप्प बसते, इच्छा मात्र बांधून घालावी लागते. आणि त्याची स्वतःची इच्छा? लग्नगड्याची बायको मालकाला आपल्या हक्काची वाटायची, हे त्या काळाच्या नोंदींत लिहून ठेवलंय. त्याच्या हव्यासाला कुणी कर्ज काढायला लावलं नाही. त्याची वॉन्ट म्हणजे रिवाज. वारल्याची वॉन्ट म्हणजे कर्ज.

1945 च्या 23 मे रोजी झरीला हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचा बावटा घेऊन आले होते. ठरलं काय? वेठ करायची नाही. आणि रोजी बारा आणे मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर राबायचं नाही. या बारा आण्यांकडे बघा. पोटापुरतं धान्य द्या, असं त्यांनी म्हटलं नाही. दया करा म्हटलं नाही. आकडा सांगितला. आजवर त्यांची नीड मालक मोजत होता, त्या दिवशी त्यांनी आपली वॉन्ट आपल्या तोंडानं सांगितली. मग गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षी गवतकापणीचा भाव मागितला, 500 पौंडांना अडीच रुपये. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण पडले. भीक मागणाऱ्यावर सहसा कुणी गोळी घालत नाही. गोळी येते ती भाव सांगणाऱ्यावर. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलाय. वाचलं नसेल तर या आठवड्यात वाचा.

आपल्याला हे नवं वाटायला नको. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. ते पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार नाही, आजवर त्यावाचून जगलोच आहोत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तिथं जायचं होतं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला. गाईडवाल्याच्या हिशोबानं महाडचं पाणी उजव्या रकान्यात पडतं. नीड नव्हती, वॉन्ट होती. आपल्या सगळ्या चळवळीचा जन्म त्या उजव्या रकान्यात झालाय, हे विसरू नका.

आता आजचं बघू. आज हे दोन शब्द उलटे टांगलेत. बड्यांची वॉन्ट कागदावर येताना नीड होऊन येते आणि आमची नीड त्यांच्या टेबलावर पोचेपर्यंत वॉन्ट झालेली असते.

वाढवणचं बंदर घ्या. 1991 च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तिथं 500 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहात होतं, त्यावर लोक कोर्टात गेले होते. 1996 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. 1998 साली या प्राधिकरणानं वाढवणला बंदर नको म्हणून सांगितलं. 2019 साली धर्माधिकारी गेले. 2023 च्या जुलैत त्याच प्राधिकरणानं बंदराला हो म्हटलं. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 76 हजार कोटींहून जास्त खर्चाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली. समुद्रात चौदाशे हेक्टरहून जास्त भराव. भाषणात शब्द कोणता? देशाची गरज. मोठी जहाजं लागायला खोल किनारा पाहिजे, व्यापार वाढायला पाहिजे. असेलही. पण हे 'पाहिजे' तेच आहे जे माझ्या विद्यार्थिनीच्या सायकलीला लागतं. बंदरावाचूनही कुणी मरत नाही. मग बंदर डाव्या रकान्यात कसं आणि सायकल उजव्या रकान्यात कशी? आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार म्हणतो मला माझा समुद्र पाहिजे, तर तो विकासाच्या आड येणारा हट्ट कसा?

पाण्याचंही तेच. सूर्या नदीवरचं धामणी धरण या भागाच्या सिंचनासाठी म्हणून बांधलं. आता त्याच सूर्येच्या पाण्यावर रोज 403 दशलक्ष लिटरची योजना झाली, 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. इथं मी घाईनं शिवी घालणार नाही. कारण नालासोपाऱ्याच्या चाळीत जे हंड्यांच्या रांगेत उभे राहतात, तेही आपलेच. त्यांची तहान खोटी नाही. पण त्याच नळातून टॉवरच्या पोहण्याच्या तलावातही पाणी जातं, आणि दोन्हीला एकच नाव दिलंय, शहराची गरज. चाळीच्या तहानेला पुढं करून टॉवरची हौस भागवायची ही जुनी चलाखी आहे. आणि ज्यांच्या डोंगरातून पाइप गेला त्यांना उन्हाळ्यात पाणी पाहिजे म्हटल्यावर टँकर मिळतो, मोजून. तहान डहाणूची मोठी की नालासोपाऱ्याची, या प्रश्नावर आपल्याला भांडत ठेवतील. आपण विचारायचं ते दुसरंच. वाटणी ठरली तेव्हा पाड्यावरच्या किती जणांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

आता आपल्याच घरातलं भांडण. चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, हा पोरगा बाजाराची दलाली करतोय. इच्छेचं एवढं कौतुक? टीव्हीवाला, मोबाईलवाला, फायनान्सवाला हेच तर शिकवतो. पोरं हप्त्यावर फोन घेतात, बचत गटाच्या नावानं कर्ज काढून लग्नं करतात, वीटभट्टीवर जायच्या आधी उचल घेतात आणि आठ महिने बांधली जातात. हा नवा लग्नगडीच नव्हे का?

आहे. शंभर टक्के आहे. 1976 साली वेठबिगारी कायद्यानं संपली आणि उचल घेतलेलं कुटुंब आजही भट्टीवरून मनाप्रमाणे उठून जाऊ शकत नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? पोरांनी इच्छाच करू नये? लग्नगडी गुलाम झाला तो त्याला लग्न करावंसं वाटलं म्हणून नव्हे. लग्नाचा पैसा सावकाराच्या पेटीत होता म्हणून. झरीला जमलेल्यांनी ब्रह्मचर्याची शपथ घेतली नाही, मजुरी वाढवून मागितली. रोग इच्छेत नाही, पेटीत आहे. पोरांना साधेपणाचं प्रवचन देणारा माझा साथी स्वतःच्या पोराला इंग्रजी शाळेत घालतो, आणि घालावंच. मग तलासरीच्या पोरीनं रंगपेटी मागितली की त्याला तत्त्वज्ञान का आठवतं? बाजार सांगतो, मी दाखवतो तेच तुला पाहिजे. साहेब सांगतो, तुला काहीच नको, गरजेपुरतं घे. दोघंही तुमच्या तोंडावर हात ठेवतात. एकाच्या हाताला अत्तर लावलेलं आहे, एवढाच फरक.

रंगपेटीवरून आठवलं. डहाणूच्या गंजाडजवळ कळंबीपाड्याला जिव्या सोमा म्हसे राहायचे. वारल्यांत लग्नाचा चौक बाया लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. पुरुषाचं ते काम नव्हे. हा माणूस रोज काढायला लागला, लग्न नाही सण नाही, हात शिवशिवतात म्हणून. कुठल्याही तक्त्यात ही नीड बसली नसती. कुणी सर्व्हेवाला त्यांच्या दारात गेला असता तर त्यानं लिहून घेतलं असतं, छप्पर, धान्य, विहीर. भिंतीवरच्या चित्राला रकाना नव्हता. 2011 साली पद्मश्री दिली, 2018 साली ते गेले, आणि आज त्या चित्रांचे ठसे साडीपासून विमानतळापर्यंत सगळीकडे आहेत. दिवाणखान्यात वारली चित्र टांगणारेच वारली पोरीला विचारतात, रंगपेटी कशाला?

आणखी एक गंमत सांगतो. पेपरात 'पाहिजेत' असं सदर असतं, नोकर पाहिजेत, रखवालदार पाहिजेत. पोलीस चौकीत फलक असतो, वॉन्टेड. दोन्हीकडे आपलीच पोरं. आम्ही सगळ्यांना पाहिजे असतो, राबायला आणि पकडायला. फक्त आम्हाला काही पाहिजे असता कामा नये.

वाढवणच्या किनाऱ्यावर एक घोषणा गेली कित्येक वर्षं ऐकू येते : एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द. या लोकांनी 'गरज' शब्द निवडला नाही आणि 'इच्छा'ही नाही. निवडला 'जिद्द'. मला वाटतं गाईडवाल्याला तिसरा रकाना काढावा लागेल. मोजता येते ती गरज, सांगावी लागते ती इच्छा, आणि सांगून ऐकलं नाही तरी जी माघारी फिरत नाही ती जिद्द. पण जिद्द आभाळातून पडत नाही. ज्यानं आयुष्यात कधी 'मला पाहिजे' म्हटलं नाही त्याला 'मला नको' म्हणताही येत नाही. म्हणून त्या पोरीच्या सायकलीला मी बंदराइतकंच मोठं राजकारण मानतो.

तेव्हा दोस्तांनो, वस्तीत फॉर्म घेऊन कुणी आलं आणि तुमच्या गरजा कोणत्या म्हणून विचारलं, तर त्याला चहा पाजा आणि सांगा, रकाना बदला. आम्हाला काय पाहिजे ते लिहा. वसतिगृहात, कॉलेजात, कचेरीत कुणी म्हणालं तुला याची गरज काय, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. लाजू तर नकाच. म्हणा, गरज नाही साहेब, पाहिजे आहे.

पुढच्या रविवारी मी त्या पोरीच्या वहीत दहाही जागी बरोबरची खूण केली. पण खोटं कशाला शिकवायचं म्हणून सांगितलं, "परीक्षेत असं लिहिलंस तर पाच मार्क जातील."

ती म्हणाली, "परीक्षेत नीड लिहीन सर. वहीत हेच राहू द्या."